पीच, कलिंगड आणि काचवाला

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून एक भलंमोठं खोकं आत आलं. खोक्याखाली दोन पाय होते आणि खोक्यामागून आवाज – "अहो, जरा वाट द्या… काच आहे!"

ती पटकन बाजूला सरकली. हातात सुरी, समोर द्राक्षांचा ढीग. उन्हाळा तोंडावर आला होता आणि रेस्टॉरंटच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं होतं – यंदा सांग्रियाचे तीन नवे प्रकार हवेत. वाइनमध्ये फळं कापून टाकायची, रात्रभर मुरू द्यायची, गारेगार प्यायला द्यायची. सांगायला सोपं! व्हाइट वाइनमध्ये पीच आणि पुदिना झकास जमला होता. गुलाबी रोझे वाइनमध्ये कलिंगड आणि लिंबूही. रेड वाइनचं घोडं मात्र अडलं होतं.

खोक्यातून सुरया निघाल्या. फुगीर पोटाच्या, उंच मानेच्या, खोकं आणणाऱ्या काचवाल्यानं स्वतःच फुंकून घडवलेल्या. तडा गेलाय का बघायला त्यानं एक खिडकीशी धरली, तशी भिंतीवर उजेडाची लाट सरकली… ती बघतच राहिली. तो मात्र तिच्यासमोरच्या लाकडी फळीकडे बघत होता.

"बाळ केवढं आहे तुमचं?"

तिची सुरी थबकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"द्राक्षांनी." तो हसला. "एकेका द्राक्षाच्या उभ्या चार फोडी! माझी बहीण अशीच कापायची, भाच्याच्या घशात अडकू नये म्हणून. मोठ्या माणसांच्या पेल्यात कोण एवढी काळजी घालतं?"

तिनं खाली पाहिलं. खरंच की! रोज ती तशीच कापत होती आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं – तिच्यासुद्धा.

"अडीच वर्षांची आहे," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "चिमणी म्हणतो आम्ही. आम्ही दोघी… आणि माझी आई. बस्स."

"बरं," तो म्हणाला. जसं कुणी किती वाजले ते सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं. त्या एका साध्या 'बरं'नं तिला दिवसभर हलकं वाटत राहिलं.

मग काचवाला येतच राहिला. कधी झाकण द्यायला, कधी पेला बदलायला.

"काय हो," मालकीणबाईंनी एकदा टोकलंच, "आमच्या सुरयांना पंख फुटलेत का? दर आठवड्याला नवी लागते ती!"

"काचेचा काय भरवसा, बाई."

"काचेचा, की काचवाल्याचा?"

तिनं मान खाली घालून संत्री सोलायचं नाटक केलं. कान मात्र लालबुंद.

रेड वाइनची चव घ्यायला तोच सापडायचा. "छान आहे," घोट गिळून तो म्हणायचा.

"चेहरा तर कारलं खाल्ल्यासारखा झालाय!"

"म्हणजे… थोडंसं कडू…"

थोडंसं! रात्रभर सालीसकट मुरलेली संत्री, कडू होणार नाहीत तर काय? दुसऱ्या दिवशी तिनं संत्र्याची साल काढली, आतला पांढरा पापुद्राही काढला. सोबतीला आलुबुखार, चेरी, दालचिनीचा एक तुकडा. रात्रभर मुरल्यावर सकाळी तिनं त्याच्यासमोर सुरई उन्हात धरली. काचेत जणू आख्खी संध्याकाळ उतरली होती – तळाशी काळसर, वर केशरी, मधे तरंगणारी चेरी…

"इतकी वर्षं भट्टीसमोर उभा आहे," तो हळूच म्हणाला, "पण हा रंग माझ्या हातून कधी उतरला नाही." मग तिच्याकडे न बघता – "रविवारी नदीवर याल? चिमणीला घेऊन?"

तिनं सुरई खाली ठेवली.

"ती कुणाकडे जात नाही. रडून आकाश डोक्यावर घेते. आणि…" तिनं ओठ चावला. "आणि तिला तुमची सवय झाली, मग तुम्ही यायचे थांबलात तर? एक माणूस निघून गेलंय आमच्या घरातून. तेव्हा ती रांगतही नव्हती, तिला कळलं नाही. आता कळेल."

"मी लांब बसेन," तो म्हणाला. "हाक मारणार नाही. तिला वाटलं तर येईल. तुम्हाला वाटलं तर… थांबाल."

घरी आईनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मनात मांडे आणि तोंडाला कुलूप! जा गं बाई. जन्मभर काय दाराला कडी लावून बसणार आहेस?"

रविवारी ती गेली. पिशवीत जादा कपडे, दोन टोप्या, तापाचं औषध आणि चिमणीसाठी वाइन न घालता संत्र्याच्या रसात केलेलं पीच-कलिंगड. काचवाला खरोखरच लांब बसला होता. ना खाऊ दाखवला, ना गाल ओढले. नुसती साबणाच्या पाण्यात नळी बुडवून फुंकू लागला… हळू, अगदी हळू, भट्टीतली काच फुंकावी तसा. फुगा वाढला. कलिंगडाएवढा झाला. त्यात नदी उलटी दिसत होती, झाडं उलटी, आणि त्यांवरून वाहणारे निळे-जांभळे रंग.

चिमणीनं आईचं बोट सोडलं.

एक पाऊल. थांबली. आणखी एक. मग थेट त्याच्यासमोर जाऊन तिनं त्याच्या फुगलेल्या गालावर तळवा ठेवला आणि खुदकन हसली. फुगा फटकन फुटला. "अजून!" ती ओरडली.

अजून, अजून करता करता ती त्याच्याच मांडीवर झोपून गेली.

"हात अवघडला असेल तुमचा. द्या इकडे."

"अवघडू दे."

नदीवरून गार वारा आला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ का मी इथे?"

"नको," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडलेला बघून तिला हसू आवरेना. "घरी या. आईला भेटायचंय तुम्हाला. आणि मला… मला तुमची सवय झालीय. केव्हाच."

त्याचा मोकळा हात गवतावरून सरकत तिच्या हाताशी आला.

चिमणी झाल्यापासून ती झोपेतही एक डोळा उघडा ठेवायची. आज भर दुपारी, त्याचा हात हातात घेऊन, तिनं दोन्ही डोळे मिटले.