थोरल्या रांजणाचा दोर

हसा लेको, हसा. बाद्रीला मी लहानपणापासून ओळखतो. तो थापा मारतो त्या फक्त माशांच्या.

गेल्या सालची अकरा ऑक्टोबर, रात्रीचे साडेनऊ. रांजण घासायची चेरीच्या सालीची घासणी द्यायला तो सरदारांच्या मळ्यावर गेला. ल्वार्साब त्या घराण्यातला शेवटचा. पहाटे द्राक्षं यायची होती आणि वाइन आंबवायचा, जमिनीत पुरलेला थोरला रांजण अजून धुवायचा होता. त्यात उतरायचं ते घरच्याच माणसानं, ही त्यांची जुनी ऐट.

"तू दोर धर," ल्वार्साब म्हणाला, "आणि माझ्या गाण्याला नावं ठेवू नकोस."

"नावं कशाला ठेवू? कुत्री पळतील, तेवढंच."

नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या रांजणात रस आंबत असला की वाईट हवा खाली उतरते, म्हणून आतल्यानं गात राहायचं. गाणं थांबलं की ओढायचं.

याच रांजणात एकोणीसशे चोवीस साली, बंड फसल्यावर, ल्वार्साबचा पणजोबा शिपायांपासून लपला होता. बायकोनं झाकण ठेवून माती लोटली. शिपाई तीन दिवस हलले नाहीत. रात्री तिला खालून त्याची भरदार गुणगुण ऐकू यायची. तिसऱ्या रात्री गुणगुण थांबली, तरी तिला झाकण काढता आलं नाही.

तर बाद्री निवांत बसला होता. गाणं चालू होतं... मग त्याच्या लक्षात आलं. ल्वार्साबचा आवाज पातळ. हा भरदार.

त्यानं ओढलं. जीव खाऊन ओढलं.

वर ल्वार्साबच आला. निळा पडलेला, पण श्वास चालू. बाद्रीनं दोर सोडवला, छाती चोळली, रडला. ल्वार्साबनं डोळे उघडले.

आणि रिकाम्या रांजणातून... पातळ, बेसूर आवाज. तेच गाणं.

दिवा धरला. आत कुणी नाही. तरी बाद्रीनं दोर खाली सोडला.

"धर, ल्वार्साब. धर रे बाबा..."

गाणं थांबलं.

पहाटे माणसं आली. बाद्री रांजणाच्या तोंडावर आडवा पडला, सगळ्यांच्या पाया पडला. "ओतू नका रे." रात्रीची चढलीय म्हणत त्यांनी त्याला बाजूला केलं. दोर काही निघेना. तसाच ठेवून द्राक्षं ओतली आणि पुढं रस आंबून झाल्यावर दोराचं टोक बाहेर ठेवून झाकणही लावलं.

ल्वार्साब आता पंगतीत भरदार आवाजात गातो. पाहुणे म्हणतात, जुनं रक्त बोलतंय. त्याची बायको केतो तेवढी उठून जाते, रांजणापाशी बसते, दोर हातात घेते. परवा मीही धरून पाहिला.

ताणलेला होता.