प्लेनोतला झरोका

विक्रमने तो दगडी झरोका लिलावात घेतला तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. डॅलसमध्ये तेलविहिरींच्या कुणा मालकाच्या पश्चात त्याच्या घरातलं सामान विकायला निघालं होतं. तिथे त्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, लाल दगडाची, पाकळ्यापाकळ्यांची कमान असलेली एक खिडकी दिसली. विकणाऱ्यांना ती कुठली हे सांगता येत नव्हतं. मी कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणून फोटो मला आला. ही जयपूरकडची नवी नक्कल असणार, नादाला लागू नकोस, असं मी कळवलं आणि त्याने ती घेतली. आमच्या घरात माझा सल्ला नेहमी विचारतात आणि नेहमी मोडतात.

विक्रम राहतो त्या, डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये घराच्या दर्शनी बाजूची कुंडी हलवायची तरी सोसायटीला अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे झरोका मागच्या भिंतीत, वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत बसला. खाली अंगण आणि लाकडी कुंपण. पलीकडे गवताचा रुंद पट्टा, ओढा, पिकानची झाडं आणि फिरायची वाट. सकाळी तिथे कुत्र्यांना घेऊन धावणारे लोक दिसतात, आणि मुलांकडे आलेले, स्वेटरवर मफलर गुंडाळलेले आपल्याकडचे आजी-आजोबा. लांबून हायवेचा आवाज येत असतो.

ऑक्टोबरात बाबा पुण्याहून आले आणि ती खोली त्यांना मिळाली. आई गेल्यावर विक्रमने त्यांचं ग्रीन कार्ड करून घेतलं होतं, पण त्यांचं इथे मन लागत नव्हतं. खरं तर कुठेच लागत नव्हतं. पाटबंधारे खात्यात तीस-तीस मजुरांना नुसत्या नजरेने कामाला लावणारा हा माणूस आता चहाला हाक मारली तरी ‘नंतर’ म्हणायचा. मला त्यांच्याकडे बघून भीती वाटायची.

त्या सत्रात मी तीन साम्राज्यं शिकवत होते. इस्तंबूलचं, इस्फहानचं आणि आग्रा-दिल्लीचं. रविवारी जेवताना बाबांनी विचारलं म्हणून मी झरोका-दर्शनाची गोष्ट सांगितली. मुघल बादशाह रोज सूर्योदयाला झरोक्यात येऊन बसायचा आणि खाली जमलेली प्रजा त्याला बघायची. बादशाह दिसला म्हणजे जिवंत आहे, राज्य जागेवर आहे. काही लोक तर त्याचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. शाहजहान आजारी पडला, काही दिवस झरोक्यात आला नाही, आणि तेवढ्यावर तो मेल्याची आवई उठली. पुढे तो येऊन बसला तरी ती पुरती शमली नाही. चार मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले.

“खिडकीत बसलं नाही म्हणून?” बाबांनी विचारलं. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात उत्सुकता होती.

मी शिक्षकी थाटात म्हटलं की कुठलंही राज्य एका कारणाने पडत नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रमने अंगणात कॉफीचा कप सांभाळत वाकून कुर्निसात केला. वर झरोक्यात बाबा शाल गुंडाळून बसले होते. त्यांनी हात वर केला. मग तो रोजचा खेळ झाला. बाबा पहाटे उठून दाढी करू लागले, काळी टोपी घालू लागले, ताठ बसू लागले. यामिनी, माझी भावजय, मला फोनवर म्हणाली की बाबा दुसऱ्यांदा पोहे मागतात. मला रडू आलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला विक्रम कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला. मी म्हटलं, बाबा, तुमची प्रजा गेली.

“नाही गं,” बाबा म्हणाले. “बाकीचे येतात ना. कुंपणापलीकडे उभे असतात. मला बघितलं की मग खाली बसून खातात बिचारे.”

फिरायला येणारे असतील असं मी धरून चालले. यामिनीला गवतात खजुराच्या बिया सापडत होत्या. ती रात्री कचरा उपसणाऱ्या रकूनला दोष देत होती. रकून उष्टं पळवतो हे मला माहीत होतं, पण तो खजूर कुठून आणतो हे मी विचारलं नाही.

डिसेंबरात बाबांच्या छातीत दुखलं. तीन नळ्या तुंबल्या होत्या, बायपास ठरली. आदल्या दुपारी त्यांना दाखल केलं. संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापाशी बसले होते. ते सारखे खिडकीकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझा हात धरला.

“मालिनी, सकाळी तिथे कुणीतरी बसायला हवं. मी दिसलो नाही तर ते समजतील मी गेलो.”

“बाबा, कोण समजेल?”

“तूच तर शिकवतेस,” ते म्हणाले.

मी हसण्यावारी नेलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

सकाळी विक्रम आणि यामिनी हॉस्पिटलमध्ये होते. बाबांना पहाटेच आत नेलं होतं. त्यांचं कानाचं यंत्र घरी राहिलं, शुद्धीवर आल्यावर डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू तर यायला हवं, म्हणून ते आणायला मी विक्रमच्या घरी गेले. यंत्र झरोक्याशेजारच्या टेबलावर होतं. मी ते उचललं तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं.

गवतावर माणसं उभी होती.

ती फिरायला आलेली नव्हती. एकमेकांना खेटून उभी होती, ओढ्यापर्यंत, आणि पलीकडेही. कुणाच्या डोक्याला पागोटं, कुणाच्या खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी, प्रत्येकाच्या हातात लहानसं गाठोडं. एक बाई कुत्र्याला घेऊन धावत आली आणि त्यांच्यामधून तशीच निघून गेली. कुत्रं मात्र अडून बसलं. तिला ते ओढत न्यावं लागलं.

सगळ्यांच्या नजरा झरोक्याकडे होत्या. मी पडद्याआड होते. त्यांना रिकामी खुर्ची दिसत होती.

मी स्वतःला समजावलं. झोप झालेली नाही, मनावर ताण आहे, पहाटेचा उजेड फसवा असतो.

फोन वाजला. विक्रम होता.

“ताई, नर्स बाहेर आली होती. भूल दिल्यावर बीपी एकदम ड्रॉप झालंय. ते ट्राय करतायत. तू लगेच ये.” त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

खाली, मागच्या रांगेतले लोक वळायला लागले.

आवाज काहीच नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी लागला. दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाहिलं. एकाने गाठोडं जमिनीवर टाकलं. मग तिघे-चौघे चालू लागले, मग आणखी.

आवई उठली होती.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी वर्गात शंभरदा सांगते. त्या वेळी मला ते आठवलंसुद्धा नाही. मी बाबांची शाल अंगावर ओढली. टोपी घातली, केस आत कोंबले. खुर्चीत बसले, त्यांच्यासारखी ताठ. तोतया झाले.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली.

मी हात वर केला.

निघालेले लोक थांबले. वळले.

खूप वेळ ते नुसते बघत राहिले. मग तो म्हातारा वाकला. त्याच्यामागे सगळे वाकले, ओढ्यापर्यंत, पलीकडेही. ते गवतावर बसले, गाठोडी सोडली आणि खाऊ लागले.

फोन चालूच होता. विक्रम रडत होता.

“स्टेबल झालं, ताई. आपोआप वर आलं म्हणतायत. डॉक्टर पुढे जातायत.”

मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. उठून बघितलं तेव्हा गवतावर ऊन आलं होतं आणि कुणी नव्हतं.

बाबा खडखडीत बरे झाले. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ते झरोक्यात जाऊन बसले आणि जरा वेळाने खाली येऊन आरामात चहा पिऊ लागले. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे दिसत होते.

“आता मला उठायला नको,” ते म्हणाले. “आज कुणीच नव्हतं. ते तुझ्याकडे लागले.”

हे मला नवं नव्हतं. शेजारच्या रिचर्डसनला माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी त्या माणसांना आधीच पाहिलं होतं. मी इतिहासाची शिक्षिका आहे. एक दिवस न उठता काय होतं ते बघावं, हे मला कळतं. पण प्रयोग करायला माझ्याकडे दुसरे बाबा नाहीत.

बाबा आता पुण्यात आहेत. रोज पर्वती चढतात, मित्रांना ऑपरेशनचा व्रण दाखवतात. फोनवर हसतात. इतके हसरे ते आई असतानाही नव्हते. मी सूर्योदयाआधी उठते, केस विंचरते, खिडकीत बसते. त्याचं मला आता काही वाटत नाही. उलट, दिवस चांगला सुरू होतो.

गेल्या महिन्यात एका परिषदेसाठी मिशिगनला, नोव्हायला गेले. विमानातच सर्दीने डोकं जड झालं होतं, पण माझा जीव वेगळ्याच काळजीने वरखाली होत होता. त्यांना हे हॉटेल सापडेल का? सकाळी पडदा सरकवला. पार्किंगमध्ये बर्फ पडलं होतं, आणि गाड्यांच्या रांगांमधून ते उभे होते, सगळेच्या सगळे. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मी हात वर केला. ते वाकले, बर्फात बसले, गाठोडी सोडली.

तेवढ्यात मला खोकला आला.

खाली सगळ्यांचे हात तोंडाशी थांबले. मी दुसरी उबळ गिळली, ताठ बसले आणि हसत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्यातल्या एकाने घास तोंडात घातला.