नाव नंतर कळवू

केसादाला विकलं!

ही बातमी कानावर आली तेव्हा माझ्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात मिसेस वोझ्नियाकांचे ओले केस. चोचाच्या पार्लरमध्ये (चोचा म्हणजे माझी आत्या, रेगिना) दिवसभर रेडिओ चालू असतो, आणि दुपार कलली की त्यावर फक्त लेनी असतो. लेनीला अख्खं बफलो फोन करतं आणि आमच्या डॉकर्स या बेसबॉल संघाच्या नावाने बोटं मोडतं.

हंगाम सुरू व्हायला आठवडासुद्धा उरला नव्हता. आणि आमच्या मालकाने रामिरो केसादाला, आमच्या केसादाला, किनाऱ्यावरच्या त्या गब्बर संघाच्या पदरात टाकलं. बदल्यात काय आणलं? मिसरूड न फुटलेली दोन पोरं, आणि एक 'नाव नंतर कळवू'! म्हणजे तिसरा खेळाडू कोण ते अजून ठरलेलंच नाही, सहा महिन्यांत ठरवतील म्हणे. दुकानातून भाजी आणतानासुद्धा माणूस पिशवीत काय पडलं ते बघून घेतो हो!

आणि वर एक महाभाग रेडिओवर म्हणत होता, "सौदा चांगलाय, लेनी. किंमत चढी असतानाच विकावं." आवाज शांत, सावकाश... गोडसुद्धा. दक्षिण बफलोचा कुणी गस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कात्री ठेवली आणि फोन उचलला.

"कैसरटाऊनहून इरेना बोलतेय. फोन पहिल्यांदाच करतेय, ऐकते मात्र लहानपणापासून. लेनी, त्या गसला माझा एक निरोप द्या."

"स्वतःच द्या की," लेनी म्हणाला. लबाडाने गसचा फोन बंद केलाच नव्हता.

"ऐकतोय," तो गोड आवाज म्हणाला.

"तुम्ही केसादाला खेळताना कधी बघितलंय का हो?"

"दर शनिवारी बघतो."

"मग काही वाटत नाही?"

"वाटतं ना. त्याच्या गुडघ्याची काळजी वाटते. धावताना उजवा पाय कसा टाकतो ते बघा जरा. चार वर्षांचा करार देऊन तो गुडघा विकत घ्यायचा, आणि त्या पगाराच्या बोज्याखाली दुसरे चार खेळाडू घालवायचे? आपलं शहर लहान आहे. आपल्याला पोरं वाढवूनच संघ बांधावा लागणार."

"पगाराला पैसे नाहीत, आणि मालकाला नवी बोट घ्यायला आहेत?"

"मालक कंजूष आहे, मान्य. पण कंजूष माणूससुद्धा चुकून कधीतरी बरोबर वागतो."

"अहो, केसादा माणूस आहे की जुनी मोटार?"

"हे बघा बाई, तुमच्या प्रेमाने त्याचा गुडघा..."

"बाई कुणाला म्हणता? सव्वीस वर्षांची आहे मी!"

लेनी इतका हसला की त्याला जाहिराती लावाव्या लागल्या. मिसेस वोझ्नियाकांचे केस त्या दिवशी डावीकडे जरा जास्तच उडाले. त्यांनी तक्रार केली नाही. "शाब्बास!" म्हणाल्या फक्त, आणि टीप दिली.

शनिवारी पहिला सामना. आमच्याकडे खेळाडू विकला गेला की लोक शर्टाच्या पाठीवरच्या त्याच्या नावावर काळी चिकटपट्टी लावतात. मैदानावर जिकडे बघावं तिकडे काळ्या पाठी! मी नाही लावली. का लावू? पाप मालकाचं, आणि तोंड काळं केसादाच्या नावाचं?

माझी खुर्ची तिसऱ्या बेसच्या बाजूला, रांगेच्या अगदी कडेला. शेजारची खुर्ची वर्षानुवर्षं म्हाताऱ्या मिस्टर कास्प्रझाकांची होती. ते आता मुलीकडे ॲरिझोनाला गेलेत, आणि त्या खुर्चीत कोण येणार याची मला जरा धाकधूकच होती. आला तो एक उंच तरुण. कान थंडीने लाल, बाहीला मस्टर्डचा डाग, हातात पिरोग्यांचा, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्यांचा, वाफाळता डबा.

"जरा आत येऊ का?" तो म्हणाला. मग माझी पाठ दिसली असणार. "अरे वा... पट्टी नाही लावलीत?"

तोच आवाज! मी गर्रकन वळले.

"तुम्ही! दक्षिण बफलो!"

त्याने डबा छातीशी धरला. "आणि तुम्ही... बाई नसलेल्या कैसरटाऊन."

"मिस्टर कास्प्रझाकांनी या मैदानावर सगळ्या पिढ्या बघितल्या. आणि त्यांची खुर्ची कुणाला मिळावी!"

"मी पण बघीन हळूहळू. खुर्ची हंगामभराची घेतलीय," तो म्हणाला. आणि हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होतात हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचाच मला राग आला.

दुसऱ्या डावात सरोवरावरून पाऊस आला. पाऊस कसला, अर्धा बर्फच, तिरका, कानशिलावर बसणारा. मैदान झाकलं, खेळ थांबला. शहाणी माणसं आत पळाली. मी हलले नाही, कारण तो हलत नव्हता. आणि तो हलला नाही तो मी हलले नाही म्हणून, हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं. त्याने प्लॅस्टिकचा मोठा कागद उलगडला आणि अर्धा माझ्या डोक्यावर धरला. आम्ही त्याखाली बसून कचाकचा भांडत होतो. त्याच्या बाहीतून ओल्या लोकरीचा आणि कांद्याचा वास येत होता. वाईट नव्हता.

"एक सौदा करू या," तो अचानक म्हणाला. त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीत अडकले होते. "तुमची कडेची खुर्ची मला द्या."

"आणि मला काय?"

"माझी खुर्ची. शिवाय अर्धे पिरोगी."

"हा सौदा आहे की दरोडा?"

"बरं... वर एक 'नाव नंतर कळवू'."

"म्हणजे काय देणार?"

"ते तुम्ही ठरवा. सहा महिन्यांत कधीही नाव सांगा. जे मागाल ते देईन."

"जे मागेन ते? असल्या करारांनीच संघ बुडतात हो!"

"माहीत आहे," तो म्हणाला आणि हात पुढे केला. त्याचा हात गरम होता. मी जरा उशिराच सोडला... पिरोगी खायचे होते म्हणून सोडला.

त्यानंतर दर शनिवारी भांडण. गस हॅलोरन गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि संघाकडेही तसाच बघायचा: कुठला भाग झिजलाय, कुठला बदलायचा. मी म्हणायची, अहो, लोक इथे इंजिन बघायला येतात का? आपलं माणूस बघायला येतात! तो मान हलवायचा, कानामागची पेन्सिल काढून धावा टिपायचा आणि शेंगदाणे सोलून माझ्या तळहातावर ठेवायचा. न विचारता. भांडता भांडता मी खाऊन टाकायची.

जूनमध्ये एकदा उडालेला चेंडू थेट माझ्या तोंडावर येत होता. मी नेमकी मालकाला शिव्या देत होते, चेंडू बघितलाच नाही. गसने उघड्या हाताने तो अडवला. करंगळी टम्म सुजली.

"वेडा आहेस का तू?" मी ओरडले आणि पेल्यातला बर्फ त्याच्या बोटावर दाबून धरला.

"तू म्हणालीस," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"आजवर तुम्ही म्हणत होतीस. आज तू."

मी बर्फाकडे बघत राहिले. सामना कोण जिंकलं ते मला आजही सांगता येणार नाही, आणि ही माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ते कुणाही डॉकर्सवाल्याला विचारा.

शनिवारी सकाळी मी केसादाचा शर्ट इस्त्री करू लागले. चोचा नुसती बघायची. "सामन्याला जातेस की लग्नाला?" एकदा म्हणाली. मी इस्त्री आपटली.

जुलै संपता संपता मालकाने आमचा सर्वांत चांगला पिचरसुद्धा विकला. मी तणतणत मैदानावर पोचले. गसशी पोटभर भांडायचं ठरवूनच गेले होते. पण तो त्या दिवशी सोलायचं सोडून शेंगदाणे नुसते हातात घोळवत होता.

"इरेना, मला सिएटलच्या गोदीतून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "मोठं काम आहे. पगार जवळजवळ दुप्पट."

आणि मला काय सुचावं? भांडण!

"वा! किंमत चढी असतानाच विकावं, नाही का?"

"तसं नाही..."

"तसंच! स्वतःलाच विकलंस तू. निदान केसादाला कुणी विचारलं तरी नव्हतं!"

"मी अजून हो म्हटलेलं नाही." तो माझ्याकडे बघत होता, डोळे बारीक न करता. "तुला काही म्हणायचंय का?"

म्हणायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं... जाऊ नकोस, एवढंच तर होतं. पण आम्हा डॉकर्सवाल्यांची खोड सांगू? सौदा कानावर आला की आम्ही तो झालेलाच धरतो. थांबवता येईल असं आमच्या डोक्यातच येत नाही, कारण आम्हाला कधी कुणी विचारलेलंच नाही. आम्ही फक्त चिडायचं.

"मी कोण म्हणणार? मी साधी प्रेक्षक," मी म्हटलं.

त्याने शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि उठून गेला. न सोललेले.

पुढच्या शनिवारी कडेच्या खुर्चीत भलताच माणूस. तिकीट विकत घेतलं म्हणाला, उरलेल्या हंगामाचं. विकून गेला! मी लेनीला फोन करून मालकाला इतकी बोलले की लेनीच म्हणाला, "इरेना, आज मालकाने तर काहीच केलं नाही."

ऑगस्टमध्ये तो गब्बर संघ आमच्याकडे खेळायला आला. केसादा मैदानात उतरला... लंगडत. उजव्या गुडघ्याला जाड पट्टा. आणि आमच्या त्या बदल्यात आलेल्या पोरांपैकी एकाने त्याच्याच डोक्यावरून चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. सगळं मैदान नाचत होतं. गस अक्षरन् अक्षर खरा ठरला होता, आणि ते त्याला सांगायला तो शेजारी नव्हता! शेजारी होता गब्बर संघाची टोपी घातलेला तो माणूस, आणि तो मचामचा पॉपकॉर्न खात होता.

केसादा बॅटिंगला आला तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या. उगाच रडू आलं. केसादासाठी नव्हतं ते, हे मला तेव्हाच कळलं. गसवर माझं प्रेम होतं, आणि मी ते पगाराच्या आणि गुडघ्यांच्या नावाखाली बडबडत बसले होते. कितीतरी शनिवार वाया घालवले होते मी.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेनीने जाहीर केलं, "मंडळी, 'नाव नंतर कळवू'चं नाव अखेर कळलं!" कुणी तरी जाडजूड डावखुरा पिचर होता. लोक फोन करकरून हसत होते. माझ्यासमोर मिसेस वोझ्नियाक बसल्या होत्या, एक बाजू कापलेली, एक व्हायची.

सहा महिने. माझेही सहा महिने संपत आले होते.

मी कात्री ठेवली. मिसेस वोझ्नियाकांनी आपणहून फोन पुढे सरकवला.

"लेनी, कैसरटाऊनहून इरेना. मला मालकाबद्दल बोलायचं नाहीये."

"बरी आहेस ना?"

"नाही. दक्षिण बफलोच्या त्या गसने माझ्याशी एक सौदा केला होता. माझी खुर्ची घेतली आणि 'नाव नंतर कळवू' म्हणाला. आणि मग पळाला सिएटलला! तिकडे कुणी हा कार्यक्रम ऐकत असेल तर त्याला सांगा, मी नाव ठरवलंय. गस हॅलोरन. तोच हवाय मला. आणि केसादाच्या बाबतीत तो बरोबर होता. हे मी एकदाच म्हणणार आहे."

चोचाने केस वाळवायचं मशीन बंद केलं.

"थांब हं," लेनी म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "दुसऱ्या लाईनवर कुणीतरी आहे."

"मी सिएटलला गेलोच नाही," तो गोड, सावकाश आवाज म्हणाला.

"काय?"

"ऑगस्टमध्येच नकार कळवला त्यांना. शहर सोडवेना. पण खुर्ची आधीच विकून बसलो होतो ना. केसादा येणार म्हणून भाव चढले होते..."

"गस! किंमत चढी असताना!"

"आयुष्यातला सगळ्यात मूर्ख सौदा. तेव्हापासून वर, अगदी शेवटच्या रांगेत बसतोय. तिथून तुझी पाठ दिसते. पट्टी न लावलेली."

"दोन महिने! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू काही म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, या संघात आपली गरज नाही."

"गाढवा! गरज आहे!"

"मग माझी एकच अट," तो म्हणाला. "करारात लिही. पुढे कुणाशीही अदलाबदल नाही."

"लिहिलं," मी म्हटलं.

आणि लेनीने काय करावं? म्हणाला, "तर मंडळी, एक कडेची खुर्ची देऊन एक हॅलोरन. हा सौदा कोण जिंकलं? फोन करा!"

झालं! अख्खं बफलो तुटून पडलं. कुणी म्हणे, कडेची खुर्ची परत मिळत नसते. कुणी म्हणे, पिरोगी कुणाच्या दुकानातले होते त्यावर अवलंबून आहे. अर्ध्या तासात बहुतेकांचं मत पडलं की मीच फसले. मी फसले? मी ताडकन फोन उचलला आणि लेनीला पुन्हा लावला. लाईन व्यस्त. पुन्हा लावला. दारावरची घंटी वाजली, मी वळूनही बघितलं नाही.

"कुणाशी भांडतेयस?" मागून आवाज आला. यावेळी रेडिओतून नव्हे.

गोदीचे काळे हात, लाल कान, धाप लागलेली. हातात शेंगदाण्यांची पुडी.

"सगळ्यांशी. ते म्हणतात, मी फसले."

"मग?"

"त्यांना काय कळतंय खेळातलं!"

तेवढ्यात फोन लागला. "बोल, इरेना," लेनी म्हणाला. मी तो खुशाल खाली ठेवून दिला.