बोअरच्या पाण्याचे डाग

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्या शनिवारी धुळ्याहून जळगावला घरी निघाले आणि एरंडोलला चहाला थांबले, तर माझ्या काळ्या गाडीवर पांढऱ्या ठिपक्यांची नुसती रांगोळी! धुळ्यातल्या खोलीमागचं बोअरचं पाणी फार जड. सकाळी त्याच पाण्याने मी गाडी धुतली होती आणि तशीच उन्हात वाळू दिली होती. टपरीवाल्या झुलालनानांकडून भांड्याची घासणी मागून घेतली आणि लागले दार घासायला.

"मॅडम, आधी तो हात थांबवा."

शेजारच्या गाड्या धुण्याच्या दुकानातला भूपेंद्र धावत आला होता. गाडी माझी, हात माझा, तुमचं काय जातंय, असं मी फटकारलं. तो भांडलाच नाही. गाडी निंबाच्या सावलीत घेतली, पत्रा थंड होऊ दिला. व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते क्षार नसलेलं पाणी निम्मंनिम्मं मिसळून मऊ कपडा भिजवला, मिनिटभर डागांवर ठेवला, अलगद पुसला, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं केलं.

"घासायचं नसतं... भिजू द्यायचं. आपोआप सुटतो," तो म्हणाला. पण दाराकडे नाही, माझ्याकडे बघत. झालं, माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या शनिवारी डाग होते. त्याच्या पुढच्याही. खोटं कशाला बोलू, मीच पाणी शिंपडून गाडी उन्हात लावत होते. तो डाग काढायचा, मी चहा घेत बसायची, आणि निघायला हमखास उशीर व्हायचा. झुलालनाना गालात हसायचे.

चौथ्या शनिवारी त्याने दारावरून बोट फिरवलं आणि कपडा खाली ठेवला.

"आज नाही करणार."

कंटाळला असणार मला, दुसरं काय? तो हळूच सांगू लागला, हट्टी डागांना पॉलिश लागतं आणि दर वेळी वरचा थर थोडा झिजतो, आता आणखी केलं तर रंगच खराब होईल.

"आणि हे डाग... तुम्हीच पाडून आणता ना?"

कानशिलं तापली. नाही म्हणणार होते, पण तोंडून निघालं, "हो. नाहीतर इथे थांबायला कारण काय सांगू?"

त्याने खाली ठेवलेला कपडा उचलून पिळला. माझ्याशी कायम शहरी मराठी बोलणारा हा माणूस... मग एकदम घरच्या अहिराणीत म्हणाला, "तू माले आवडस."

आणि घाईघाईने पुढे सांगितलं, की उद्या दुकान बंद आहे, पद्मालयाच्या गणपतीला जाऊया का. मी होकाराची मान हलवली आणि ठिपक्यांची गाडी घेऊन घरी गेले.

रविवारी ती जळगावातच ठेवली आणि एसटीने एरंडोलला आले. तो स्टँडवर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. माझ्यामागे गाडी शोधू लागला.

"नाही आणली," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. तुला भेटायला आता डाग लागत नाहीत."