हिरवा रंग मी दिला नव्हता

हे घडलंय. ज्याला खोटं वाटतं त्याने भेस्तानला आमच्या साइटवर यावं, मी जागा दाखवतो.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. दुपारचे साडेतीन. हो, दुपारचे. मेलेली माणसं रात्रीचीच वाट बघतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मी बांधकामाचं शेड्यूल बनवतो. स्लॅब कधी भरायचा, खालचे लोखंडी टेके किती दिवसांनी काढायचे, हे तारखांसकट कागदावर मांडायचं. डिग्री नाही. चुकत चुकत शिकलो.

माझे दाजी, वाल्मिक, त्याच साइटवर सेंट्रिंगचे, म्हणजे टेके लावायचे-काढायचे मिस्त्री. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मी शेड्यूलवर स्केचपेनने पट्टे रंगवायचो. लाल म्हणजे टेक्याला हात लावायचा नाही. हिरवा म्हणजे काढा.

दाजी हसायचे. "तुना कागद म्हंजे सिग्नल शे."

आणि खरंच, दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत. इंजिनियरचंसुद्धा नाही. भिंतीवरचा माझा रंग बघायचे, मग एकेक टेका हातोडीने वाजवायचे, आवाज ऐकायचे, आणि मगच काढायचे.

नोव्हेंबरात मी चार दिवस गावी गेलो. चौथ्या मजल्याच्या छताला चौदा दिवस लाल ठेवून गेलो होतो.

स्लॅब भरल्यापासून आठव्या दिवशी, मी गावीच असताना, भिंतीवर नवा कागद लागला. हिरवा.

तो सुशांतने लावला. साइट मॅनेजर. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. बिल्डरला तारीख गाठायची होती. याने माझ्या टेबलावरचा माझाच स्केचपेन उचलला.

दाजींनी टेके काढले.

छत त्यांच्यावर आलं.

पोलिसांना सुशांत म्हणाला, शेड्यूल अक्षय बनवतो. खाली माझं नाव छापलेलंच होतं. माझ्या बहिणीने, सोनालीने, मला एवढंच विचारलं, "भाऊ, हिरवा रंग तू काब्र दिधा?"

मी दिला नाही म्हणालो. तिने तोंड फिरवलं.

तर, तो गुरुवार. सुशांतने मला चौथ्या मजल्यावर बोलावलं. मजूर तिकडे चढत नव्हते, म्हणजे ऐकायला कुणी नाही. मलबा उचललेला. वर उघडं आभाळ. खाली नुसती मोकळी फरशी. एकही टेका नाही.

त्याने कागद पुढे केला. हिरवा पट्टा माझाच, असं त्यात लिहिलेलं. सही केली तर कंपनी वकील देईल, नोकरी राहील, वगैरे.

मी कागदाकडे बघत होतो, तेवढ्यात खालचा मिक्सर थांबला.

मग रस्त्यावरचे हॉर्न थांबले.

मग...

टण्.

लोखंडावर हातोडी.

सुशांतने माझ्याकडे बघितलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

टण्... दोन पावलं पुढे... टण्...

मोकळ्या फरशीवरून, टेक्यांची रांग जिथे होती तिथून, आवाज आमच्याकडे येत होता. दिसत काहीच नव्हतं.

चार हातांवर येऊन थांबला.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. बहिणीने ऐकलं नाही, पोलिसांनी ऐकलं नाही, निदान हे तरी ऐकतील.

"दाजी," मी म्हणालो, "हिरवा मी नाही दिला. याने दिला."



सुशांतचे ओठ पांढरे पडले होते. वाटलं, आता पाया पडेल. त्याने हात जोडलेही.

आणि म्हणाला, "वाल्मिकभाई, कागदावर नाव कुणाचं होतं? याचंच ना?"

मेलेल्या माणसाशी खोटं बोलला हरामखोर. हात जोडून.



मग पायांचा आवाज. सुशांतला वळसा घालून माझ्यासमोर आला. ओल्या सिमेंटचा वास. तोंडावर गार श्वास. एकदाच.

आणि जिन्याने खाली गेला.

हॉर्न परत सुरू झाले. सुशांतने माझ्या हातात पेन दिलं. "बघ, त्यालाही पटलं. कर सही."

मी सही केली नाही. पेन फेकलं आणि तडक सोनालीच्या खोलीवर गेलो. तिला सगळं सांगायचं होतं.

ती उंबऱ्यात आली. भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "ते आत्तेच सांगी गयात, तुले घरमा लेवानं नही."

मी विचारलं, मला घरात घेऊ नको असं कोण सांगून गेलं?

तिचे डोळे कोरडे होते. दोन पावलं मागे सरकली, परातीपाशी बसली.

आणि दार बंद झालं... आतून कडी लागली.

फटीतून मला तिचे हात दिसत होते. पिठाने भरलेले. परातीवर.