राईचा उजवा कौल

धामणसड्याची राई बोलायला लागली आणि गावाची मोठी पंचाईत झाली. त्याआधी सगळं कसं सोयीचं होतं. गावाला काही विचारायचं असलं की अनसूया गुरवीण राईतल्या काळकाईच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडलीच, तर तेच गाऱ्हाणं जरा वळण देऊन पुन्हा घालायचं. देवीही समजूतदार. दोन-तीन खेपांत उजवी पाडायची आणि गाव मोकळं व्हायचं.

मग डॉ. शलाका टिपणीस पेटी घेऊन आल्या.

"म्हणजे बाय, झाडं एकमेकांशी फोनवर बोलतात म्हणा की," अनसूयाकाकी म्हणाली.

"तसंच समजा. तारा मातीत आहेत. बुरशीचे केसाहून बारीक धागे एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत गेलेत. कीड लागली, तहान लागली, कुणी कुऱ्हाड घातली, की त्या धाग्यांतून विजेचा बारीक ठोका जातो. माझी पेटी ते ठोके ऐकते."

"आणि ती बोलतात काय? शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या?"

"बऱ्याचदा तेच," शलाका हसल्या.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि तेलाचा संबंध काय? तर परदेशी तेलाची जहाजं यायची थांबली होती. गाड्या विजेवर गेल्या, पण विमानं, औषधं, रस्त्यांचं डांबर यांना तेल लागतंच. आणि ते सापडलं नेमकं राखीव रानांच्या पोटात. इथं तर थेट राईखालच्या कातळाखाली. अर्धा देश म्हणे, 'आपली जमीन, आपलं तेल, अडवतंय कोण?' उरलेला अर्धा म्हणे, 'राखीव म्हणून ठेवलं ते काय मुहूर्त पाहून फोडायला?' दोन्ही अर्धे सुनावणीला येत, घसा बसेपर्यंत भांडत आणि एकाच टपरीवर चहा पिऊन परत जात. शेवटी सरकारनं सरकारी तोडगा काढला: रानालाच विचारा. रानाच्या कडेला बारीक भोक पाडून बघायचं. धाग्यांतून धोक्याची बोंब उठली तर पेटीवरचा डावा दिवा लागेल, तो नकार. रान शांत राहिलं तर उजवा, तो होकार. लोकांनी याचं नाव ठेवलं रानकौल, आणि तो मागायचा मान गुरवकीकडेच राहिला.

राईनं ओळीनं डावाच दिला.

यात सगळ्यात जास्त कोण खचलं असेल तर अनसूयाकाकी. तिचा दिगंबर दूर कुणाच्या तरी समुद्रात, लोखंडी फलाटावर विहिरी खोदत होता. गणपतीलाही यायचा नाही. पडद्यावर दिसायचा, केस पिकलेला, पाठीमागे नुसतं पाणी. धामणसड्यात खोदाई सुरू झाली तर यंत्रावर माणूस लागणार होता, आणि दिगंबरनं सांगितलं होतं, "आई, तिथं काम निघालं तर मी उद्या येतो."

सरपंच वासू मांडवकर टोचायला टपलेलाच. "काय काकी, देवीकडून उजवा काढायचात चुटकीसरशी. ही बुरशी तुमचं ऐकत नाही वाटतं!"

काकी सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. "वासू, पाऊस लांबला की आपण काय करतो?"

"देव पाण्यात ठेवतो. गुदमरला की पाडतो पाऊस."

"मग हिला पाण्याबाहेर ठेव."

वासू आधी हसला. मग हसायचा थांबला.

राईत वरच्या झऱ्याचा पाट यायचा. वैशाखाच्या तोंडाला त्या दोघांनी दगडमाती टाकून तो वासूच्या पोफळीच्या बागेकडे वळवला. काकीनं स्वतः चिखल लिंपला. राई हळूहळू करपली. पानं गळाली, माकडं गावात उतरली, कडेच्या सातविणीच्या जुन्या खोडाला चिरा गेल्या. पण गुरवकीचा एक रिवाज होता, देवीच्या अंघोळीचं पाणी त्या सातविणीच्या मुळाशी ओतायचा. काकीच्या सासूनं पाळला होता, तिच्या सासूनंही. काकीला तो मोडवेना. ज्या हातानं पाट बुजवला त्याच हातानं ती रोज सकाळी तिथं अनवाणी उभी राहून तांब्या ओतायची, आणि झाडाकडे न बघता परत फिरायची.

कौलाच्या दिवशी भोक पाडलं ते सातविणीजवळच. काकीनं गाऱ्हाणं घातलं. उजवा दिवा लागला.

ढोल वाजले, पेढे वाटले गेले. शलाका मात्र पेटीपुढून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकीच्या पडवीत आल्या. "काकी, माझी पेटी चुकली. तिला एवढंच कळतं, की बोंब उठली की नाही. मी ठोके पुन्हा तपासले. राई शांत नव्हती. ती निरवानिरव करत होती."

"म्हणजे?"

"जुनं झाड मरायला टेकलं की स्वतःजवळची साखर, पाणी, सगळं धाग्यांतून पिलांकडे लावून देतं. काल अख्ख्या राईनं तेच केलं. पण पिलांकडे नाही. सगळे ठोके एकाच जागी चालले होते, तुम्ही उभ्या राहता तिथं. तुम्ही पाहिलंत का तिथं?"

काकीनं पाहिलं होतं. कोरड्याठक्क राईत तेवढीच पावलांपुरती जागा हिरवीगार होती, भोवती पांढऱ्या अळंब्यांचं कडं.

"पिढ्यान् पिढ्या त्या जागी पाणी येतंय, पायांच्या घामाचं मीठ येतंय," शलाका म्हणाल्या. "धाग्यांना माणूस कळत नाही. त्यांना ते एक मूळ वाटतं. त्यांचंच एखादं पोर. तहानेनं मरताना त्यांना वाटलं, पोर मागतंय. देऊन टाकलं." मग आवाज उतरवून विचारलं, "पाट कुणी वळवला, काकी?"

आदल्याच संध्याकाळी दिगंबरचा निरोप आला होता: निघतोय.

शेवटच्या सुनावणीत काकी उभी राहिली आणि सगळं बोलली. "वासूला बोलू नका. कल्पना माझी. देवाला धमकावायची सवय, तसं हिला धमकावलं." मागून कुणीतरी ओरडलं, "काकी, गप्प बसायला काय झालं होतं!" वासू चपलेनं जमीन उकरत होता.

तो कौल रद्द झाला, दिगंबरचं निघणं लांबलं, पाट पुन्हा राईत सोडला. पाऊस पडून गेला, सातविणीला कोंब फुटले. मग सगळ्यांसमक्ष, भरल्या पाण्यात, पुन्हा रानकौल लागला. काकीनं गाऱ्हाणं अगदी साधं घातलं: "आई, नको असेल तर नको म्हण. मी चुकले."

उजवा दिवा लागला.

"आता बोंब मारणार नाही ती," शलाका कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "तिच्या लेखी आपण पोर झालो." आणि कायद्यात निरवानिरव हा शब्द नव्हता. अधिकाऱ्यानं संमतीवर शिक्का मारला. या खेपेला ढोल वाजले नाहीत. होकार खरा होता, त्यात कुणाची लबाडी नव्हती, आणि तरी जो तो दुसऱ्याची नजर चुकवत घरी गेला. त्यानंतर गावानं राईची वाट सोडली, लांबचा फेरा पडला तरी.

यंत्र आलं, दिगंबरही आला. आईच्या हातचं जेवून, पिवळं शिरस्त्राण घालून राईत गेला. काकी दूर बांधावर उभी होती. सातविणीजवळ, नेमका हिरव्या जागेवर उभा राहून तो माणसांना हात करत होता. एकदम त्यानं पाय उचलला, खाली पाहिलं.

"आई! कडक उन्हं आहेत, आणि इथं बुटाखाली माती ओली व्हायला लागलीय बघ. पाणी येतंय कुठून गो?"

काकीनं पदर तोंडाशी घेतला.

"तुला ओळखलंन तिनं," ती म्हणाली. पण यंत्र सुरू झालं होतं, त्याला ऐकू गेलं नाही.