'ए'नंतरचा 'र'

टॅक्सी थांब्यावर एका उंच मुलानं रुबागाला जाणारी गाडी कुठली असं विचारलं, आणि सकाळी-सकाळीच नाबुकालुचा पारा चढला.

"असल्या नावाची टेकडीच नाही," ती म्हणाली. "लुबागा म्हणा, मग गाडी सांगते."

तो समोरच्या पाटीकडे बघत राहिला. पाटीवर चांगला ठळक 'र' रंगवलेला होता. पाटी चुकली आहे, असं नाबुकालुनं त्याला ठणकावून सांगितलं आणि ती त्या टेकडीच्या गाडीत चढली. मागोमाग तोही. जन्म कंपालातला, आजोबा-पणजोबांपासून घरात लुगांडा भाषा, आणि पश्चिमेकडून कालपरवा आलेल्यानं तिला तिच्याच टेकडीचं नाव शिकवायचं!

उतरल्यावर कळलं की दोघांना एकाच दारात जायचं आहे. एका नव्या हॉटेलला रिसेप्शनवर माणसं हवी होती, त्यासाठी दोन आठवड्यांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग होता. शेवटी मॅनेजरसमोर परीक्षा. पास होतील ते काउंटरवर, उरतील ते कपडे धुण्याच्या खात्यात. नाबुकालुला काउंटरच हवा होता. पण जिभेची लाज वाटून घेऊन नव्हे, हे तिनं पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

कारण पहिल्याच दिवशी तिला घंटी ऐकावी लागली. शिकवणाऱ्या मॅडम केझियांनी टेबलावर हॉटेलातली घंटी ठेवली होती. उच्चार चुकला की टिंग. नाबुकालु 'रूम'ला 'लूम' म्हणाली... टिंग. त्या उंच मुलाचं नाव रुबारेमा. त्याच्या पश्चिमेकडच्या, म्बरारा भागातल्या भाषेत 'ल' औषधालाही नव्हता, म्हणून तो 'लगेज'ला 'रगेज' म्हणाला... टिंग. 'हॅलो'ला मात्र दोघंही एकाच वेळी 'हेरो' म्हणाली, आणि अख्खा वर्ग हसला. मॅडमनी दोघांना एका बाकावर बसवलं. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे आहे, घ्या वाटून, असं म्हणाल्या.

वाटून घेणं राहिलं बाजूला, भांडणं सुरू झाली. तो तिला नाबुकारु म्हणायचा, ती त्याला लुबालेमा.

"माझ्या नावाची वाट लावू नकोस," ती एकदा तडकली.

"मी तुझा एकच 'ल' घेतला," तो शांतपणे म्हणाला. "तू माझे दोन्ही 'र' नेलेस. रागवायचं कुणी?"

हसू आवरायला तिला वहीत तोंड घालावं लागलं. त्या दिवसापासून दुपारचा डबा एकत्र उघडू लागला. नाचणीच्या मऊ गोळ्याला ती कालो म्हणे, तो कारो. वाद पहिल्या घासाला सुरू व्हायचा आणि डबा रिकामा झाला तरी संपायचा नाही. त्याचे डोळे फार हसरे होते. नाबुकालुला ते आवडायला लागले होते, आणि त्याचाच तिला राग येत होता.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पावसानं गाठलं. छत्री एकच, त्याची. खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघंही निम्मी भिजत चालली होती.

"म्हण बरं, अंब्रेला," तो म्हणाला. म्हणजे म्हणाला 'अंब्रेरा'च, पण तिला कळलं.

"अंबुलेरा."

तो थबकला. तिच्या ओठांकडे इतका रोखून बघू लागला की तिला छत्रीबाहेर पळावंसं वाटलं.

"तुला 'र' येतो की. आत्ता शेवटी म्हणालीस."

ती पुन्हा म्हणाली. मग भर पावसात स्वतःच्या भाषेतले शब्द एकेक घोळवत उभी राहिली. 'ए' किंवा 'इ' आली की मागून 'र' येत होता. बाकी सगळीकडे 'ल'. एकदाही चुकत नव्हता.

"हा नियम आहे..." ती हळूच म्हणाली. "माझी जीभ नियमानं चालते. आणि ती बाई घंटी वाजवते."

"मग 'र'च्या आधी मनात 'ए' म्हण. बघ तरी."

ए... रूम. ए... रिसेप्शन. जमत होतं. दोघांचे खांदे आता लागले होते, आणि कुणीच बाजूला सरकलं नाही.

परीक्षेच्या दिवशी नाबुकालुनं पूर्ण उतारा वाचला. घंटी एकदाही वाजली नाही. मॅनेजरसाहेब खूश झाले.

"छान. जिभेचं गावठी वळण सुटलं एकदाचं."

थँक यू म्हणून बसायला हवं होतं. काउंटर हातात आला होता. मॅडम केझिया डोळ्यांनी तेच सांगत होत्या.

"वळण सुटलेलं नाही, साहेब," नाबुकालु म्हणाली. "आमच्याकडे 'ए' आणि 'इ' नंतर 'र', बाकी सगळीकडे 'ल'. तो नियम आहे, चूक नाही. तुमच्यासाठी मी आणखी एक नियम शिकले. पहिला टाकलेला नाही."

मागच्या बाकावरून एकट्या रुबारेमानं टाळी वाजवली.

साहेबांनी बराच वेळ कागद चाळले. मग तिला म्हणाले, सोमवारी सहाला काउंटरवर ये, आणि पाहुण्यांना व्याख्यान देऊ नकोस. टाळी वाजवणाऱ्याला मात्र त्यांनी कपडे धुण्याच्या खात्यात पाठवलं. त्याचा 'ल' शेवटपर्यंत आला नव्हता.

तो बाहेर पायरीवर बसला होता. ती येऊन शेजारी बसली, रागानं फणफणत.

"असू दे," तो म्हणाला. "चादरींशी बोलायला कुठे 'ल' लागतो? मला तुला एक सांगायचं होतं... तिथेच पंचाईत आहे. इंग्रजीत सांगायचं नाही. आणि तुझ्या भाषेत सांगावं, तर त्यात नेमका 'ल' आहे."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "सांग," ती म्हणाली. "इथे घंटी नाही."

"न्क्वागारा," तो म्हणाला. माझं तुझ्यावर प्रेम आहे.

खरा शब्द न्क्वागाला. तिच्या आळीतलं शेंबडं पोरही त्याला सुधारून देईल. 'आ'नंतर 'र' तिच्या भाषेत कधी आला नाही, येणार नाही. तो आणायला ती दोन आठवडे झगडली होती, आणि तो आजवर फक्त हॉटेलच्याच कामी आला होता.

नाबुकालुनं त्याचा हात हातात घेतला.

"न्क्वागारा," ती म्हणाली, मोठ्यानं, आणि कुणी दुरुस्त करायला येतंय का, ते बघत बसली.